लोटनभाऊ आणि सहाशे ओहमचा हेडफोन

लोटनभाऊंच्या दुकानात हेडफोन घ्यायला गेलेल्या माणसाला आधी चहा मिळायचा. हेडफोन कानाला लागायला मात्र बराच वेळ लागायचा. भाऊ आधी मशीनचं आवाजाचं बटण शून्यावर आणायचे. ते शून्यावरच आहे ना, हे पुन्हा एकदा मागे रेटून बघायचे. मग पिन खोचायची, हेडफोनची एक बाजू स्वतःच्या कानाशी धरायची आणि आवाज अगदी सावकाश वाढवत न्यायचा. तान्ह्या बाळाचं दूध आई आधी स्वतःच्या मनगटावर टाकून बघते, तसं ते सगळं चालायचं. मनाचं समाधान झालं की पुन्हा शून्य, आणि मगच हेडफोन गिऱ्हाइकाच्या डोक्यावर. घाईतलं गिऱ्हाईक वैतागायचं.

"भाऊ, मी काय कुक्कुलं बाळ आहे का?"

"कान बठ्ठासना, सगळासना, बाळनाच ऱ्हातस," भाऊ म्हणायचे आणि पुढचा हेडफोन तपासायला घ्यायचे.

धुळ्यात त्यांच्या दुकानाला लागूनच माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नांचं शूटिंग माझं आणि साउंड त्यांचा, अशी आमची जोडी कितीतरी हंगाम चालली. ते मला नावाने कधी हाक मारत नसत, 'फोटोवाला' म्हणत. आता त्यांच्या दुकानात त्यांच्या पोराने मोबाइलची कव्हरं टांगली आहेत. भाऊ गेले, त्याला फार दिवस झालेले नाहीत. त्यांच्याविषयी कोणी विचारलं की लोक हसून ते शून्याचं खूळ सांगतात. मला हसू येत नाही, कारण ते खूळ कुठून आलं ते मी समोर बसून पाहिलं आहे.

मुळात हा माणूस असा नव्हताच. मी शेजारी दुकान टाकलं तेव्हा भाऊंचा देव एकच, वॅट. माणसाची लायकी ते त्याच्या अॅम्प्लिफायरवरून ठरवत. दोंडाईच्याच्या एका लग्नात नवरदेवाच्या मामाने त्यांना विचारलं, "आवाज गावभर जाईल ना?" भाऊंनी पान तोंडात एका बाजूला सारलं आणि विचारलं, "कोन्तं गाव? तुमनं, का शेजारनं?" त्या दिवशी वरातीत मांडवाच्या मागे बांधलेली म्हैस दावं तोडून पळाली, आणि भाऊंनी ती गोष्ट पुढची कित्येक वर्षं जाहिरातीसारखी वापरली. म्हशीच्या मालकाची त्यांनी माफी मागितल्याचं मला तरी आठवत नाही.

त्यांची आणखी एक पद्धत होती. त्यांच्या प्रत्येक मशीनवर बटणाभोवती लाल रेघा असत. सुनेची नेलपॉलिशची बाटली त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम असायची आणि सून बिचारी दर महिन्याला नवी आणायची. एक रेघ हळदीची, एक मंगलाष्टकांची, एक वरातीची. एकदा नीट ऐकून, चारी कोपऱ्यांत फिरून रेघ मारली की मग विषय संपला. पुढच्या लग्नात बटण रेघेवर आणायचं आणि खुशाल जेवायला जायचं. कोणी म्हटलं की भाऊ, एकदा ऐकून तर बघा, तर म्हणायचे, "माणूस खोटं बोलस. रेघ बोलस नही." धुळ्याचे बाकीचे साउंडवालेही मग रेघा मारायला लागले होते आणि त्याचा भाऊंना फार अभिमान होता.

या वॅटवाल्या माणसाचा आवाज एकाच माणसापुढे खाली यायचा. ती म्हणजे त्यांची थोरली बहीण, वेणूअक्का. त्यांचं गाव भडगावजवळचं, गिरणेच्या काठावर. आई लवकर गेली आणि तान्ह्या भावाला अक्कानेच सांभाळलं. तिच्या लग्नात हा कडेवर होता म्हणे, आणि सासरी निघालेल्या अक्काच्या पदराची गाठ याच्या मुठीतून सोडवायला दोन बाया लागल्या होत्या. अक्का जळगावला दिली होती. तिथेच म्हातारी झाली, मुलगा-सुनेबरोबर राहत होती. वयाबरोबर तिचे कान गेले. उजवा पार गेला, डाव्यात थोडं शिल्लक होतं. मुलाने कानात घालायचं यंत्र आणलं. ते शिट्टी मारायचं. "कानमा भुंगा बसना," म्हणून अक्काने ते डबीत घालून फडताळात ठेवून दिलं.

मग भाऊंनी डोकं लढवलं. लग्नातला एक जुना छोटा अॅम्प्लिफायर घेतला, त्याला लग्नातलाच माइक लावला आणि भंगारात मिळालेला एक जुनापुराणा हेडफोन जोडला. काळा, जड, दोन वाट्या उपड्या घालाव्यात एवढा. आत बारीक अक्षरांत सहाशे ओहम असं छापलेलं होतं. मी तो एकदा माझ्या कॅमेऱ्याला लावून पाहिला तर आतून डास गुणगुणावा तेवढाच आवाज आला. मी म्हटलं, "भाऊ, हा मेलेला आहे."

"मरेल नही. हाऊ जुना बैल शे. तुना कॅमेरानं व्होल्ट याले पुरत नही."

आणि खरंच, भाऊंच्या मशीनवर तो छान बोलायला लागला. अक्काला नीट ऐकू येईल तिथे त्यांनी बटण आणलं, तिला चार वेळा विचारलं, आणि नेलपॉलिशची रेघ मारली. ही रेघ इतर रेघांपेक्षा जाड होती.

त्यानंतर दर रविवारी भाऊ पिशवीत ते मशीन घेऊन जळगावची बस पकडत. एकदा मलाही जळगावला काम होतं म्हणून मी बरोबर गेलो. समोरासमोर दोन पाटांवर हे दोघं म्हातारे बसले होते, गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ. मध्ये मशीन. अक्काच्या डोक्यावर पदर, पदरावर तो काळा हेडफोन. भाऊंनी माइकवर दोनदा बोट आपटलं, जसं ते हजार माणसांच्या मांडवात आपटत, आणि म्हणाले, "हॅलो, चेक. हॅलो."

"चेक, चेक," अक्का म्हणाली. "बोल आते."

"जेवन व्हयनं का?"

"व्हयनं. गिरणाले पानी शे का रे?"

दर रविवारी हेच प्रश्न, असं तिच्या सुनेने मला सांगितलं. जेवण, गिरणेचं पाणी, गावची कोण बाई आजारी आहे, कुणाच्या केळीला भाव मिळाला. भाऊंना गावाची खबर नसली तरी ते काहीतरी सांगत. अक्का हसली की हेडफोन तिच्या कानावरून घसरायचा आणि भाऊ माइक खाली ठेवून तो दोन्ही हातांनी नीट बसवायचे. घरभर पोरांचा गोंधळ चाललेला, आणि वरातीच्या आवाजाने म्हशी पळवणारा हा माणूस त्या माइकमध्ये जवळजवळ कुजबुजत होता. मला हसायला आलं होतं, पण मी कॅमेरा काढला नाही. काढायला हवा होता असं आता वाटतं.

हळूहळू त्या हेडफोनच्या गाद्या फाटल्या. काळी भुकटी अक्काच्या पांढऱ्या केसांत पडायला लागली. भाऊंना ते बघवेना. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अक्का माहेरी धुळ्याला येणार होती. सासुरवाशिणीला आखाजीचं माहेर चुकत नाही आमच्याकडे, मग ती कितीही म्हातारी होवो. भाऊंनी तिच्यासाठी नवा हेडफोन आणला. मऊ, हलका, कानाला लावला तर लावल्यासारखं वाटू नये असा. माझ्या दुकानात येऊन त्यांनी मला तो हात लावून बघायला लावला. "लोनीना गोळा शे," म्हणाले. लहान पोराने नवे कपडे दाखवावेत तसे ते खूश होते.

आखाजीला त्यांच्याकडे मी जेवायला होतो. खापरावरचे मांडे, आमरस, सगळं झालं. जेवणं उरकल्यावर अक्काला मधोमध पाटावर बसवलं. सुना, नातवंडं भोवती. भाऊंनी नवा हेडफोन मशीनला लावला, तिच्या डोक्यावर ठेवला, पदर सारखा केला. मग बटण फिरवून नेहमीसारखं त्या जाड लाल रेघेवर आणलं. ऐकून बघायचा प्रश्नच नव्हता, रेघ होती ना. माइकवर बोट आपटलं. "हॅलो, चेक."

अक्का ओरडली नाही. तिचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. दोन्ही हातांनी तिने हेडफोन ओढून काढला आणि तो तिच्या मांडीवर पडला. भाऊंच्या हातात माइक तसाच होता. ते घाबरून म्हणाले, "काय व्हयनं अक्का?" आणि मांडीवरच्या त्या हेडफोनमधून त्यांचे ते शब्द मला, खोलीच्या दुसऱ्या टोकाला, स्पष्ट ऐकू आले. मी जाऊन आधी मशीन बंद केलं.

अक्का भावाच्या ओठांकडे बघत होती. मग म्हणाली, "आते काहीच आयकू येत नही रे लोटन."

हेडफोनच्या खोक्यावर बत्तीस ओहम छापलेलं होतं. भाऊंनी ते त्या दिवशी संध्याकाळी पहिल्यांदा वाचलं. त्यामागचं गणित पुढे त्यांनीच मला इतक्या वेळा ऐकवलं की माझंही पाठ झालं आहे. रेघेवर मशीन जे व्होल्ट देत होतं ते तेवढंच होतं, त्यात काडीचा फरक नव्हता. पण ओहम म्हणजे विजेची अडवणूक, आणि सहाशे ओहमचा जुना हेडफोन त्यातून चिमूटभर ताकद आत घ्यायचा. बत्तीसचा त्याच व्होल्टला जवळपास एकोणीसपट घेतो. त्यात तो जातीने तिखट. जुन्याला जेवढं पाजूनही जाग येत नसे, त्याच्या कणभरात हा किंचाळतो. चांगल्या कानाला असल्या हेडफोनमध्ये एक मिलिवॅट म्हणजे डोकं उठवणारा आवाज. मिलिवॅट म्हणजे वॅटचा हजारावा भाग. "आनि मी जनमभर वॅट विकात," असं म्हणून भाऊ गणित संपवायचे.

जळगावच्या कानाच्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा मीही गेलो होतो. डॉक्टर भला माणूस होता. म्हणाला, हा कान तसाही जातच होता, यांच्या वयाला सहा महिन्यांनी काय आणि आज काय, नेमकं सांगता येत नाही. मात्र आता आत ऐकणारं काही उरलेलं नाही, कुठलंही यंत्र लावा, कितीही आवाज द्या, उपयोग नाही. बाहेर आल्यावर मी पहिला अर्धा भाग धरून भाऊंची समजूत घालायला गेलो. ते म्हणाले, "डॉक्टर माले बरं वाटाले म्हणना. तू बी बरं वाटाले म्हणी ऱ्हायना."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडून भाऊ थिनरची बाटली आणि फडकं घेऊन बसले. सगळ्या मशीनवरच्या सगळ्या रेघा त्यांनी पुसल्या. हळदीच्या, मंगलाष्टकांच्या, वरातीच्या. अक्काच्या मशीनवरची रेघ जाड होती, ती नीट निघाली नाही, गुलाबी डाग राहिला. नेलपॉलिशची बाटली सुनेला परत दिली. तेव्हापासून ते शून्य आणि ते स्वतःच्या कानाला लावून बघणं सुरू झालं.

धंद्याची वाट लागायला वेळ लागला नाही. वरातीत भाऊ आवाज चढवू देईनात. नवरदेवाचे मित्र बटणाकडे हात न्यायचे आणि भाऊ मशीनपुढे आडवे उभे राहायचे. लग्नाच्या ऑर्डरी दुसरीकडे गेल्या. दुकानात उरले ते हेडफोन आणि त्यांचे छोटे अॅम्प्लिफायर, आणि तेही भाऊ विकायचे कमी, लोकांना त्यापासून परावृत्तच जास्त करायचे. एकदा जळगावहून बँकेतले एक साहेब आले. गाण्याचे शौकीन. त्यांना हेडफोनसाठी पाच वॅटचं मशीन हवं होतं.

"पाच वॅट?" भाऊ म्हणाले. "कानमा वरात काढनी शे का?"

साहेब हसले. भाऊ हसले नाहीत. त्यांनी साहेबांचा हेडफोन मागून घेतला, त्यावरचं बारीक छापलेलं वाचलं, आणि तुमच्या मोबाइलमध्येच याला पुरून उरेल एवढी ताकद आहे, असं सांगून परत दिला. साहेबांनी चिकाटीने विचारलं की मग मोठी मशीनं विकतात ती कशाला? भाऊंनी तेही नीट सांगितलं. जुना, जास्त ओहमचा हेडफोन असेल तर त्याला व्होल्ट लागतं, काही जड जातीचे हेडफोन ओहमने कमी असूनही खादाड असतात, त्यांना मशीन लागतं. पण आधी हेडफोन बघायचा, मग मशीन. आणि हेडफोन बदलला की बटण शून्यावर, मग माणूस कितीही शहाणा असो. इथवर सगळं ठीक होतं. मग त्याच आवाजात, पावतीवर सही करावी तसं, ते म्हणाले, "मन्ही बहीणना कान मी फोडा. म्हणीसन सांगी ऱ्हायनू."

साहेब उठले. चहा अर्धा टाकून गेले.

हे मला सहन व्हायचं नाही. येणाऱ्या प्रत्येकाला, ओळख ना पाळख, हे सांगायचं म्हणजे काय? एकदा मी चिडून बोललो, "भाऊ, अक्का तुम्हाला काही म्हणाली का? मग तुम्ही का दुकानात रोज स्वतःलाच फाशी देता?" ते म्हणाले, "ती काही म्हनत नही, हाईच तर शे." त्या उत्तरावर मी आपल्या दुकानात येऊन बसलो. खरं सांगायचं तर मला त्यांचा राग आला होता आणि त्यांची कीवही.

जळगावला जाणंही त्यांनी सोडलं. रविवारी बसच्या वेळेला दुकानाच्या पायरीवर बसून राहायचे. काय तोंड दाखवू, म्हणायचे. अक्काच्या सुनेचे फोन यायचे, तेही घेत नसत. शेवटी तिने माझा नंबर मिळवून मला फोन केला. सासूबाईंनी निरोप दिला आहे म्हणाली. मशीन आणि जुना हेडफोन घेऊन ये, असा तो निरोप होता: "लोटनले सांग, मशीन लई ये. जुनं भोंगळं बी लई ये. माले बोलनं शे."

अक्काचा निरोप म्हटल्यावर भाऊंना नाही म्हणता येईना. रविवारी गेले. सोमवारी माझ्या दुकानात आले तेव्हा दाढी केलेली होती. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "फोटोवाला, जुनावर थोडं थोडं आयकू येस तिले."

मी म्हटलं, "वा, भाऊ." डॉक्टरांचं बोलणं आम्ही दोघांनी शेजारी बसून ऐकलं होतं. मी ते काढलं नाही. त्यांचे रविवार पुन्हा सुरू झाले, एवढं मला पुरे होतं. गिऱ्हाइकांना बहिणीचा कान सांगणं मात्र त्यांनी थांबवलं नाही.

त्यांना मी नीट असा शेवटचा पाहिला तो जळगावातच. माझं एका साखरपुड्याचं काम होतं. वाटेवर अक्काचं घर, रविवार, म्हणून डोकावलो. तेच दोन पाट, मध्ये तेच मशीन. अक्का आणखी बारीक झाली होती. भाऊंनी मला बसायची खूण केली आणि त्यांचं चालू ठेवलं. बटण शून्यावर आणलं. पुन्हा मागे रेटून बघितलं. तो जुना हेडफोन घेतला, एक बाजू स्वतःच्या कानाशी धरली. अक्का त्यांच्या हातांकडे लक्ष देऊन बघत होती. मग त्यांनी हेडफोन तिच्या पदरावर ठेवला आणि दोन्ही हातांनी नीट बसवला. नव्या गाद्या त्यांनी हाताने शिवल्या होत्या, मऊ सुती कापडाच्या.

हेडफोनची पिन त्यांच्या मांडीजवळ फरशीवरच पडलेली होती. खोचायची विसरले असं वाटून मी वाकलो आणि ती उचलून मशीनला लावायला गेलो. भाऊंनी माझ्या हातावर हात ठेवला. माझ्याकडे न बघताच मान हलवली, नको म्हणून. त्यांनी ती पिन माझ्या बोटांतून सोडवून घेतली आणि पुन्हा फरशीवर ठेवली, अक्काला दिसणार नाही अशी, स्वतःच्या धोतराच्या सोग्याखाली. तेव्हा मला कळलं की हे सगळे रविवार ते असेच बसत आले होते.

माइकवर दोनदा बोट आपटलं. "हॅलो, चेक. हॅलो."

"चेक, चेक," अक्का म्हणाली. तिची नजर त्यांच्या ओठांवर होती. "बोल आते."

"जेवन व्हयनं का?"

"व्हयनं. गिरणाले पानी शे का रे?"

"शे, अक्का. चांगलं शे."

अक्का हसली. मग तिने हेडफोनला हात लावला, कपाळाला जराशी आठी घातली आणि म्हणाली, "आवाज कमी कर रे लोटन. जास्त व्हयना."

भाऊंनी बटण धरलं आणि हळूच, अगदी केसभर, मागे फिरवलं.

"आते?"

"हां," अक्का म्हणाली. "आते बरं शे."